सालीवरचे पूल

टेबलावर चार बोटे रुंद, झाडाच्या ओलसर सालीची पट्टी पडली होती. तिच्या अल्याड आत्या, पल्याड मी.

"काढली कुणी?" तिने विचारले. तीस वर्षे ऑपरेशन थिएटरात सर्जनांच्या हाती कात्र्या दिलेल्या बाईचा तो सूर.

मीच काढली होती. दुकानासमोरच्या तुतीने माझ्या पाटीवर फांद्यांचा पडदा ओढला होता. कुऱ्हाड चालवली असती तर गल्ली धावून आली असती. बुंध्याभोवती सालीचे कडे सोलले, की झाड बिनबोभाट मरते.

"पाटी दिसत नाही, आत्या. गिऱ्हाईक फिरकत नाही."

"चष्मे विकतोस ना रे? एक आधी स्वतःला लाव."

दुसऱ्या दिवशी ती स्टूल घेऊन तुतीपाशी बसली. त्याच झाडाच्या बोटाएवढ्या जाड काड्या तिने छाटल्या, दोन्ही टोके तिरकी तासली. एक टोक जखमेखालच्या सालीत खोचले, दुसरे वरच्या. "पानांचं अन्न खाली उतरेना, की मुळं उपाशी मरतात," ती म्हणाली. "म्हणून हे पूल." वरून मेण, त्यावर बँडेज.

"सिस्टर, टाके कधी काढणार?" समोरचा न्हावी हसला.

"तुझ्या जिभेला घालून झाले की!"

बाराव्या दिवशी सगळ्या काड्या कोळशासारख्या वाळल्या. तिने एक उपसून उन्हात धरली. काडीवरचे डोळे, कोंब फुटायच्या त्या गाठी, खाली पाहत होते.

"उलट्या खोचल्या मी," ती म्हणाली.

"सोड आता. मेलंय ते."

"मेलं की नाही ते मी ठरवणार. टेबलावरचा पेशंट मी अर्धवट सोडत नाही." आणि तिने नवी काडी माझ्यासमोर धरली. "धर. डोळे वर. आणि हात थरथरू देऊ नकोस. सोलताना नव्हता थरथरला."

मी धरली. का, हे मला तेव्हाही सांगता आले नसते. बसच्या धुरात, हॉर्नच्या गदारोळात, माझ्या बोटांखाली त्या जखमेचा ओलावा अजून जिवंत होता; सबंध शहराला न जुमानता तो वर चढत होता.

दीड महिन्याने पुलांना फुगवटा आला. मग एका काडीच्या डोळ्यातून नखाएवढे पान निघाले, काचेसारखे हिरवे, उद्धट. वरच्या फांद्यांनीही पाटीची उरलेली दोन अक्षरे गिळून टाकली.

आत्या बुंध्याशी पाणी ओतत होती.

"जगलं म्हणायचं हे," मी म्हणालो.

ती ओतत राहिली.

"मग माझी पाटी कुठे लावू, आत्या?"

तिने बादली उपडी करून शेवटचा थेंब निथळू दिला, बादली काखोटीला मारली आणि मागे न पाहता चालू लागली.