शुद्धिचक्र आणि पंचशीलाबाईंची कॅसेट

माजलगावात मोंढ्यामागच्या गल्लीत बंकटरावांचं स्पीकर आणि तारा विकायचं 'श्रवणमंदिर' होतं आणि त्या रविवारी सकाळी त्याच्या पायऱ्यांवर चपलांचा खच पडला होता. आत कारखान्याचे दोन साहेब, बियाण्यांचे व्यापारी, एक दातांचे डॉक्टर असे तीसेक लोक मांडी घालून बसले होते. समोर माणसाच्या उंचीचे दोन लाकडी स्पीकर, त्यांच्या गळ्यात झेंडूचे हार. स्पीकरला हार कशाला, असं कुणी विचारत नव्हतं.

"हे स्पीकर नाहीत," बंकटराव म्हणाले. "स्पीकर वाजतो. हे प्रकटतात!"

"वा!" दातांचे डॉक्टर गहिवरून म्हणाले.

पेट्या खरोखर देखण्या होत्या. नांदूरघाटच्या अंगद सुतारानं जुन्या सागवानातून त्या अशा घडवल्या होत्या, की जोड कुठे आहे ते बोटालाही कळू नये. पण अंगदचं नाव कुणी काढत नव्हतं. बंकटरावांच्या सांगण्याप्रमाणे ते लाकूड अकरा महिने सतारीच्या सहवासात ठेवलं होतं, म्हणून गात होतं. सतारीचं काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मागच्या रांगेत आम्रपाली बसली होती. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची. इथं ती आली होती वडिलांच्या काळजीनं. आश्रुबा म्हणजे एसटीतले निवृत्त मेकॅनिक आणि उभा जन्म भीमगीतांच्या गायन पार्टीत हार्मोनियम वाजवलेला माणूस. त्यांच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही. शेजारच्या छबुबाईंनी दिलेला ताईतसुद्धा त्यांनी पक्कडीनं उघडून आत काय आहे ते पाहिलं होतं. आणि हाच माणूस आज स्पीकरपुढे हात जोडून बसला होता, कारण इथं अंगारा नव्हता. इथं वॅट होते, ओहम होते आणि गुळगुळीत कागदावरचा इंग्रजी कॅटलॉग होता. आम्रपालीला हसू येत होतं आणि संतापही.

संतापाचं कारण आश्रुबांच्या खिशात होतं. पंचशीलाबाईंची, म्हणजे आम्रपालीच्या आईची कॅसेट. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. तीस वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमात त्यांनी एकच गाणं म्हटलं होतं. तेवढाच त्यांचा आवाज मागे उरला होता, तोही खरखरीत बुडालेला. "मोबाइलमध्ये उतरवून घेऊ," असं आम्रपाली कितीदा म्हणाली असेल. पण फीत तुटेल म्हणून आश्रुबा तिला हात लावू देत नव्हते. बंकटरावांनी मात्र मागितली आणि हे लगेच तयार झाले!

"आधी बाजारू तार," बंकटरावांनी साधी वायर स्पीकरला जोडत घोषणा केली. बासरी वाजली. ठीक होती.

मग लाल रेशमात गुंडाळलेली 'सिद्ध तार' निघाली. ती स्पीकरला जोडून बंकटराव गालिच्यावरच्या आपल्या ठरलेल्या जागी उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. तीच बासरी पुन्हा वाजली आणि सगळी खोली शहारली. आश्रुबांचे डोळे भरून आले. खुद्द आम्रपालीच्याही अंगावर काटा आला. म्हणून तिनं हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. आवाज मोजायचं ॲप ती वर्गात वापरायची. मघाशी सत्तर डेसिबल, आता चौऱ्याहत्तर. तिनं दोन्ही आकडे टिपून ठेवले.

"आता शुद्धिचक्र!" बंकटराव म्हणाले. तांब्याच्या तारेचं जाडजूड वेटोळं पुढे आलं. बटण दाबताच ते घूंऽऽ करू लागलं. "आजवर यातून तारा गेल्या, सीडी गेल्या. आज प्रथमच कॅसेट! काका, द्या. खरखर जाईल. काकू समोर येऊन बसतील."

आश्रुबांनी हात पुढे केला. आम्रपालीनं उठून तो धरला.

"आबा, ते विजेचं चुंबक हाय. फितीवर गाणं चुंबकानंच लिहिलेलं असतं. त्यातून गेली की सगळं पुसून जाईल."

"गप बस! तुझ्या आईचा आवाज साफ व्हतुया अन् तू कावून आडवी येती?"

"बरं, मग बंकटरावांनी आधी स्वतःची कॅसेट घालावी. तुमची प्रवचनाची असंल की!"

सगळे म्हणाले, रास्त आहे. बंकटरावांनाही त्यात काही धोका दिसला नाही. ढोंग त्यांना उत्तम येत होतं, पण चुंबकाचा धडा त्यांनी वाचलेला दिसत नव्हता. 'नादरहस्य' नावाची आपली कॅसेट त्यांनी झोकात चक्रातून फिरवली आणि लावली.

स्स्स्स. पुढे ढकलून पाहिली. स्स्स्स. उलटून लावली. स्स्स्स.

बंकटराव क्षणभर गडबडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "ऐका! हाच तो अनाहत नाद!"

"वा!" डॉक्टरांनी हात जोडले. आणखी चार-पाच जणांनीही जोडले.

आश्रुबा मात्र पांढरे पडले होते. खिशावर तळवा दाबून ते उभे राहिले. "अनाहत न्हाई, कोरी हाय. आत्ता माझी कोरी झाली असती."

आम्रपालीनं मोबाइलवरचे दोन्ही आकडे सगळ्यांना दाखवले: सिद्ध तारेच्या वेळी आवाजच वाढलेला होता.

"ते तारेचं तेज आहे," बंकटराव म्हणाले.

"तुमी दर बारीला त्याच जागी कावून उभे राहता?" आश्रुबांनी विचारलं आणि मेकॅनिकच्या सवयीनं गालिचाच उलटला. खाली पायानं दाबायचं चपटं बटण होतं आणि त्याची वायर थेट ॲम्प्लिफायरला गेलेली. त्यांनी स्वतः बाजारू तार जोडली, बासरी लावली आणि बटणावर पाय दिला. बासरी प्रकटली.

"वा!" डॉक्टर म्हणाले आणि जीभ चावली. आश्रुबांनी बटणाची वायर हातात धरली.

"अवो, पाया पडतो, वायर नका वढू!" बंकटरावांची शुद्ध भाषा एकदम गळून पडली.

"आवाज जरासा वाढला की कानाला तो जास्त स्वच्छ, जास्त जवळचा वाटतो," आम्रपाली म्हणाली. "तुमचे कान चुकले नाहीत. बदल खरा होता, पण त्याचं कारण खोटं सांगितलं. डोळे बांधून, आवाज सारखा ठेवून दहा वेळा ऐका. तार ओळखता आली तर मी माफी मागते."

बियाण्यांच्या एका व्यापाऱ्यानं हातातला कॅटलॉग मिटून ठेवला.

आश्रुबांनी एका स्पीकरवरून हात फिरवला. "पेट्या झकास हायत. ती अंगदच्या हाताची करामत. तिला हार कशाला लागतो?" मग ते लोकांकडे वळले. "लिंबू दिसलं की आमी सावध व्हतो. इंग्रजी कागद दिसला की डोळे मिटतो. कुणीबी नवल दाखवलं की इचारा, कसं केलं? पुन्ना करून दाखवा म्हणा. इचारू देत नसंल, तर उठा अन् घरी जा."

त्यांनी कॅसेट आम्रपालीच्या हातात ठेवली.

"आजच उतरवून घे, तीन-चार जागी ठिव. तुझी आई गेली तवा माझ्या हातात काय बी नव्हतं, पोरी. आज व्हतं. अन् मी तिला माझ्या हातानं पुसाया निघालो व्हतो."