दगडापासून दहा पावलं

अभिमन्यू सरांची जिरवायची तर याच माळावर, हे मी जानेवारीतच ठरवलं होतं. त्या महिन्यात त्यांचा शोधनिबंध छापून आला. विषय, धाविक पक्ष्याची घरटी, तीन उन्हाळ्यांच्या नोंदी. ते तीनही उन्हाळे सोलापूरजवळचं हे राखीव माळरान मी तुडवलं होतं. सर वर्षातून एकदा यायचे आणि गाडीच्या सावलीत उभं राहून फोटो काढून घ्यायचे. निबंधात माझं नाव आभारातसुद्धा नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "तेजश्री, पीएचडीला माझी सही लागते, विसरू नकोस." विसरते कसली!

माझी वही त्यांनी ढापली, पण रंभाबाईंची रीत वहीत नव्हती. रंभाबाई आमच्या संशोधन केंद्राच्या राखणदार, सगळं आयुष्य मेंढरांमागं याच माळावर गेलेलं. धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतो. तिथंच खूण केली तर कावळ्यांना आयतंच सापडतं. म्हणून रंभाबाई घरट्यापासून दहा पावलं लांब दगड ठेवतात आणि घरटं ज्या अंगाला असेल त्या अंगाला दगडाला टेकवून एक खडा. मी वहीत दगडाचीच जागा लिहायची. त्यावरून सर छापायचे ते नकाशे म्हणजे नुसते दगड.

एप्रिलमध्ये समिती आली, तिच्यासाठी सरांनी या उन्हाळ्याच्या घरट्यांचा नकाशाही माझ्याच वहीवरून छापून आणला होता. सरांना पाच वर्षांचा मोठा प्रकल्प द्यायचा की नाही, हे ती ठरवणार होती. प्रमुख होत्या पिकल्या केसांच्या एक मॅडम. "नकाशातली घरटी दाखवा," एवढंच त्या म्हणाल्या.

सर फोन बघत पहिल्या दगडाशी गेले. काही नाही. दुसऱ्यापाशीही काही नाही. "सापानं खाल्ली असणार," ते म्हणाले. मला इतकं बरं वाटत होतं की ऊनसुद्धा लागेना. तिसऱ्या दगडापाशी ते हळूच माझ्याजवळ आले.

"कुठंय? सांग, पुढच्या निबंधात नाव घालतो."

"नकाशा तर तुमचाय की, सर."

ते चिडून माझ्याकडं बघत उलटे मागं सरकू लागले, नेमके पश्चिमेला. खडा त्याच अंगाला होता. आणखी दोन पावलं, की समितीसमोर त्यांच्याच टाचेखाली अंडी फुटली असती. याहून चांगला सूड कुठला मिळणार होता? खोटं कशाला बोलू, मी गप्प राहिले. शेजारी उभ्या असलेल्या रंभाबाईंनी माझा दंड धरला.

"पोरी, त्या पाखरानं तुजं काय वाईट केलंय?"

"सर, थांबा!" मी ओरडले.

मॅडम वाकल्या. सरांच्या बुटामागं वीतभर अंतरावर दोन ठिपकेदार अंडी होती. "कसं कळलं तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं.

"घरट्यापासून दहा पावलांवर दगड ठेवतो आम्ही," मी म्हणाले. खड्याचं मुद्दामच बोलले नाही.

"माझीच पद्धत," सर लगेच म्हणाले. "मीच शिकवली हिला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मग चौथं तुम्हीच दाखवा," मॅडम म्हणाल्या.

सर रुबाबात चौथ्या दगडाशी गेले, तिसरं घरटं पश्चिमेला निघालं म्हणून पश्चिमेलाच तोंड केलं आणि मोठ्यानं मोजत दहा पावलं टाकली. तिथं काहीच नव्हतं. मग आणखी चार पावलं. मग गुडघ्यांवर बसून गवत चाचपायला लागले.

"सायेब, खडा उत्तरंला हाय की," रंभाबाई म्हणाल्या. "रीत तुमची, मग खडा तुमाला कसा म्हाईत न्हाय?"

मॅडमनी तो खडा बघितला आणि माझ्याकडं वळल्या. मी उत्तरेला दहा पावलं चालले. तिथं एक उथळ खळगा आणि कवचाचे तुकडे होते.

"हे रिकामं आहे, मॅडम. पिल्लं परवाच गेली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो. म्हणून तर या खेपेला सरांना अडवलं नाही."

मॅडमनी हातातल्या नकाशावरच्या सरांच्या नावावर रेघ मारली आणि काम कुणाचं ते विचारलं. मी आधी रंभाबाईंचं नाव सांगितलं, मग माझं. सर अजून गुडघ्यांवरच होते.