टोकावरचं वळण

आमच्या बंदर-ऑफिसच्या नकाशात त्याला 'भूशिर' म्हणतात. नकाशे मीच काढते, त्यामुळे हा भारदस्त शब्द शेकडो वेळा माझ्या हातून लिहून झालाय. खलाशी त्याला 'नाक' म्हणतात, कारण चांगल्या मोकळ्या पाण्यात ते उगाच मध्ये खुपसलेलं असतं. प्रवाशांच्या तोंडी ते नुसतं 'टोक'. टोक आलं म्हणजे पिशव्या आवरा, पोरांना उठवा. आणि आईच्या लेखी टोक म्हणजे भोंगा. बाबांची बोट तिथे वळली की एक लांब भोंगा वाजायचा आणि आई ताटं घ्यायची. वीस मिनिटांत माणूस दारात.

बाबा या प्रवासी बोटीचे सारंग, म्हणजे बोट हाकणारे. दर पाच वर्षांनी सारंगाची परीक्षा होते. एक कोरा कागद, एक पेन्सिल, आणि सगळा किनारा आठवून काढायचा. टोकं, खडक, दिवे, सगळं ओळीने. जमलं तर परवाना पुढे चालू, नाहीतर धक्क्यावर तिकिटं फाडायची. बाबांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि तिकिटं फाडायची कल्पनासुद्धा त्यांना सोसत नव्हती. "त्यापेक्षा घरी बसून भिंतीशी बोलेन," म्हणायचे.

या वेळी परीक्षक नवे होते. ऑफिसने पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव 'फूटपट्टी' ठेवलं, कारण ते कशानेच वाकत नाहीत. बाबांनी त्यांच्यासमोर बसून बावीस टोकं बिनचूक काढली. तेविसावं, अगदी आमच्या धक्क्याजवळचं, गायब! त्याच्या जागी किनाऱ्यावर एक छोटा चौकोन.

"हे काय?" फूटपट्टींनी विचारलं.

"खिडकी."

"कोणाची?"

"आमच्या स्वयंपाकघराची. पाण्याच्या टाकीमागून ती बाहेर आलेली दिसली की सुकाणू डावीकडे घ्यायचं. टोकाकडे कोण बघतंय, साहेब?"

ऑफिस पोट धरधरून हसलं. मी शेजारच्याच टेबलावर होते. मला तोंड कुठे लपवू असं झालं. फूटपट्टी मात्र हसले नाहीत. "दिव्यांच्या यादीत ही खिडकी नाही," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळच्या फेरीला मी तुमच्या शेजारी उभा राहतो. वळण नीट घेतलंत तर सही करीन."

घरी येऊन मी बाबांवर तोंडसुख घेतलं. "तीस वर्षं तुम्ही शेकडो माणसं एका खिडकीच्या भरवशावर आणलीत?"

"आणली ना? एकाचाही पाय ओला झाला नाही," बाबा म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

मग माझी ट्यूब पेटली. आई जाऊन चौदा महिने झाले. तेव्हापासून मी सकाळीच स्वयंपाक उरकते. संध्याकाळी त्या खोलीत दिवा लावायला माझा हात धजत नाही, मी पुढच्याच खोलीत बसते. म्हणजे चौदा महिने बाबा त्या वळणाला चाचपडत होते, आणि त्यांची खूण मीच विझवून ठेवली होती! स्वतःचा असा राग मला कधीच आला नव्हता. पण बाबांना काही विचारलं नाही. आईचा विषय निघेल असा कुठलाही प्रश्न आम्ही दोघंही गिळून टाकतो.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. मोठा बल्ब आणला, स्टुलावर चढून काच लख्ख पुसली, आणि अंधारून यायला लागताच दिवा लावून खिडकीशी उभी राहिले.

सहा वीसला बोटीचे दिवे टोकाशी आले. आणि थांबले.

सहा पंचवीस. दिवे जागच्या जागी हलत होते. शेवटी बोट हळूच मागे सरली, टोकापासून चांगली लांबून वळली, आणि सहा एकेचाळीसला भोंगा वाजला.

बाबा आले ते थेट स्वयंपाकघरात. आई गेल्यापासून संध्याकाळचे ते तिथे पहिल्यांदाच बसत होते.

"दिवा तू लावलास?"

"तुम्हाला वळण दिसावं म्हणून."

"अगं वेडे, घरांच्या या अख्ख्या ओळीत आपली एकच खिडकी अंधारी असते. वर्षभर मी ती अंधारी खिडकी बघूनच वळतोय. आज बघतो तर सगळ्याच उजळलेल्या. आपली कुठली तेच कळेना."

मी कपाळावर हात मारला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. "मग?"

"मग टाकीशेजारची दिसली." बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "क्षणभर वाटलं, ती घरात आहे. डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना. इंजिन बंद केलं."

"आणि फूटपट्टी?"

"त्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, साहेब, मला दिसत नाहीये, मी थांबतो. मग डोळे पुसले आणि टोकाकडेच बघितलं. चांगलं ठसठशीत आहे गं! तीस वर्षं तिथूनच येतोय, पण नीट बघितलं ते आज. त्याच्यावर नजर ठेवून आलो."

खिशातून त्यांनी परवाना काढला. सही होती. खाली फूटपट्टींचा बारीक अक्षरातला शेरा होता : 'दिसले नाही तेव्हा थांबले.' मी तो दोनदा वाचला. या माणसाला आम्ही नावं ठेवली याची मला लाज वाटली.

बाबांनी माझी पेन्सिल मागून घेतली आणि फूटपट्टींनी परत दिलेल्या कालच्या कागदावर तेविसावं टोक काढलं. चौकोन खोडला नाही.

"उद्या दिवा लावू की नको?" मी विचारलं.

"लाव. वळायला आता टोक आहे. पण घरात कोणीतरी आहे, हे लांबूनच कळलेलं बरं."

मी ताटं घेतली.