उत्तर ध्रुवाजवळची संकष्टी

दुपारी जहाजावरच्या डॉक्टरनं येऊन सांगितलं, संध्याकाळी शेवटचं बर्फावर उतरायचं आहे, पण ज्याच्या पोटात अन्न नाही त्याला होडीत घेणार नाही. थंडीत चक्कर येऊन माणूस पाण्यात पडतो म्हणे. आणि आमच्या दोघांच्या पोटात सकाळपासून बिनदुधाच्या चहाशिवाय काही नव्हतं. त्या दिवशी संकष्टी होती.

उत्तर ध्रुवाजवळ संकष्टी. लिहितानासुद्धा वैताग येतो.

आमच्या ह्यांचं, हिम्मतरावांचं, हैदराबादेत दिलसुखनगरला फ्रिजचं दुकान आहे. पूर्वी लोक फ्रिजसाठी नंबर लावायचे. मग बाहेरच्या कंपन्या आल्या, माल हप्त्यानं मिळायला लागला आणि ज्यांच्या घरी फ्रिजमध्ये ठेवायला पाण्याच्या बाटल्यांशिवाय काही नव्हतं तेही न्यायला लागले. त्यातल्याच एका कंपनीनं योजना काढली. ज्या डीलरचा माल सगळ्यांत जास्त खपेल त्याला बायकोसकट ध्रुवाकडची जहाजाची सफर. जहाज म्हणजे तरंगतं पंचतारांकित हॉटेल. आमच्या शहरातून हे निवडले गेले आणि चिक्कडपल्लीचे अप्पाराव. त्यांच्या बायकोला बोट लागते म्हणून ते एकटेच आले.

"जन्मभर फ्रिज विकले, आता आत जाऊन बसायला चाललो," हे वाक्य ह्यांनी नल्लकुंट्यातल्या प्रत्येक माणसाला ऐकवलं. दूधवाल्याला तेलुगूतून ऐकवलं, इस्त्रीवाल्याला दखनीतून.

मला काय हवं होतं ते सांगते. मला बर्फावर उभं राहायचं होतं. ह्यांच्याबरोबर. एवढंच. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं म्हणून कुठं गेलोच नाही. तुळजापूरला गेलो, तर जीपमध्ये दोन नणंदा, त्यांची पोरं आणि स्टोव्ह. एकटी म्हणाल तर मी सुलतान बाजारातसुद्धा गेलेली नाही. हे स्कूटरवरून सोडतात आणि साडीच्या दुकानाबाहेर उभे राहून दर पाच मिनिटांनी आत डोकावतात.

तर जहाज बर्फाजवळ जाऊन थांबायचं, खाली रबरी होड्या सोडायचे, आणि लोक लोखंडी जिन्यानं उतरून होडीत बसून किनाऱ्यावर जायचे. पहिल्या दिवशी सगळे लाल जाकिटं घालून रांगेत उभे, आणि हे म्हणाले, "गुडघा धरलाय गं."

मी थांबले. दोन दिवस तो गुडघा बामानं चोळला.

दुसऱ्या वेळी म्हणाले, "दोघं गेलो तर सामानापाशी कोण? ह्या गोऱ्या लोकांचं काय सांगता येतं?"

"अहो, त्या शेजारच्या खोलीतल्या बाईच्या गळ्यातल्या हाराच्या किमतीत आपलं दुकान येईल. ती तुमची बनियनं चोरणार आहे का?"

"तसं नव्हे. पण बेफिकीर राहू नये."

मी पुन्हा थांबले. केबिनच्या गोल खिडकीतून लाल ठिपके बर्फावर चालताना बघितले. अप्पाराव परत आले ते लहान पोरासारखे. "क्या बोलूं भाभी! पाँव रखे तो चर्र चर्र आवाज आता! शक्कर पे चले सरीखा!" मी हसले आणि खोलीत येऊन ह्यांच्या बॅगेवर रागानं बसले. सामान सांभाळायचं होतं ना.

आणि आता शेवटची संधी, तर संकष्टी.

ह्यांच्या संकष्टीबद्दल माझं काही म्हणणं नाही. धान्याच्या मोंढ्यात हमाली करत होते तेव्हापासून धरतात. चंद्र बघितल्याशिवाय जेवत नाहीत. घरी साबुदाणा, शेंगदाण्याचे लाडू, केळी असतात, दिवस निघतो. इथं लाडू ऑस्लोच्या विमानतळावरच संपले होते. साबुदाणा आणला होता, पण खोलीत शेगडी लावायला मनाई. आचाऱ्यानं बिचाऱ्यानं फळं कापून दिली तर हे म्हणाले, "ह्याच सुरीनं मासे कापले असतील."

संकष्टी ह्यांची, माझी नाही. पण नवरा उपाशी असताना बाईनं ताटावर बसायचं, हे आमच्या घरात कुणी केलं नाही. सासूबाईंनी केलं नाही, मी केलं नाही. सून त्रिवेणी करते, पण ती दिवसभर कंप्युटरपुढं बसते, तिला भूक लागली की लागली.

डॉक्टर गेल्यावर मी अप्पारावांना घेऊन सोल्वेगकडं गेले. सोल्वेग म्हणजे आम्हाला बर्फावर नेणारी नॉर्वेची बाई. उंच, उन्हानं नाक सोललेलं. अप्पारावांचं इंग्रजी बरं आहे, त्यांनी विचारलं, आज चंद्र किती वाजता निघतो?

सोल्वेगनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग डोक्यावरच्या सूर्याकडं. तो सूर्य आठ दिवस तिथंच होता. मावळायचं नावच नाही. मग तिनं एका कागदावर वाटोळं काढून समजावलं. उन्हाळ्यात इथं सूर्य बुडत नाही, आणि पौर्णिमेच्या मागं-पुढं चंद्र वर येत नाही. कदाचित परवा.

"परसों," अप्पाराव मला म्हणाले. मग जरा वेळानं, "भाभी, साब का रोजा परसों खुलेंगा?"

"तुम्ही गप्प बसा हो."

परवा आम्ही विमानात असणार होतो.

मी ह्यांना सांगितलं. ह्यांचा चेहरा आधी गंभीर झाला, आणि मग, मला स्पष्ट दिसलं, जरा सैल झाला. दाताच्या डॉक्टरकडं गेल्यावर दवाखाना बंद दिसला की माणसाचा होतो तसा.

"काय करणार मग," हे म्हणाले. "देवाच्या मनात नाही."

"देवाचं राहू द्या. घरी फोन लावते. हैदराबादेत तर उगवेल ना? तिथं उगवला की इथं जेवायचं."

जहाजावर आभाळातून बोलायचा फोन होता. संध्याकाळी लावला. खरखरीतून त्रिवेणीचा आवाज आला.

"आई! कशा आहात? थंडी लई आहे का?"

"थंडी राहू दे. गच्चीवर जा आणि चंद्र दिसतो का बघ."

"आत्ता? आई, इथं धो धो पाऊस आहे. पण कॅलेंडरमध्ये मूनराईज दिलाय, तो होऊन गेला की. आम्ही पपांच्या नावानं नैवेद्यपण दाखवला. पपा जेवले का?"

"जेवतील," मी म्हटलं. फोन ठेवला आणि विजयी मुद्रेनं ह्यांच्यापुढं उभी राहिले. "उगवला. चला जेवायला. जेवून होडीत बसू."

"दिसला का तिला?"

"ढग आहेत. कॅलेंडरमध्ये वेळ होऊन गेली."

"ढगाआडचा चंद्र काय कामाचा?"

"अहो, दर आषाढात आपल्याकडं ढगच असतात! दर आषाढात तुम्ही कॅलेंडर बघूनच जेवता! मागच्या साली तर पाच मिनिटं आधीच पाट मांडायला लावला होतात!"

"तिथली गोष्ट वेगळी. जिथं माणूस तिथला चंद्र."

हा नियम मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. हे शेतकऱ्याच्या पोटचे आहेत, व्यापारी आहेत, नियम कुठं वाकतो ते ह्यांना चांगलं कळतं. गिऱ्हाईक परत जायला लागलं की ह्यांची प्रत्येक किंमत वाकते. आणि आज हाच माणूस एवढा ताठ? मी ह्यांच्याकडं नीट बघितलं. आम्ही डेकवर उभे होतो. खाली होड्या सोडायचं काम चाललं होतं. ह्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता आणि खाली बघायचं टाळत होते. एकदाच बघितलं, लगेच मान वर केली आणि लांबच्या डोंगराचं फार कौतुक करायला लागले.

मग मला एकदम हुसेनसागर आठवला. नातवंडांना बोटीत बसवायला नेलं की हे काठावर. "तुम्ही जा, मी चपला सांभाळतो." दर वेळी. आणि मी समजत होते, माणसाला चपलांची काळजी.

"अहो," मी म्हटलं, "तुम्हाला पाण्याची भीती वाटते का?"

"भीती कशाची? काय पण बोलायलीस."

"मग?"

हे कठड्याकडं बघतच म्हणाले, "काळं आहे गं ते पाणी. तळ दिसत नाही. आमच्या विहिरीचा तळ दिसायचा."

मला काय वाटावं ह्याचा मला निर्णयच करता येईना. ह्या माणसाला कवेत घ्यावं की ह्याच पाण्यात ढकलून द्यावं? भीती वाटते हे सांगितलं असतं तर काय झालं असतं? न दुखणारा गुडघा मी दोन दिवस चोळला! माझ्या बोटांना अजून बामाचा वास येत होता!

"आधी का नाही सांगितलं?"

"तू म्हणाली असतीस, मी एकटी जाते."

"नसते म्हणाले. बसले असते तुमच्यासोबत."

"तेच की. मग तुझंही गेलं असतं, आणि माझ्यामुळं गेलं हे तुला ठाऊक असतं. गुडघ्यामुळं गेलेलं बरं."

असलं बोलतात. दुकानात हिशेब चोख, आणि घरात असा.

"बरं, आता तर ठाऊक झालं," मी म्हटलं. "मी चालले जेवायला."

"थांब की. जिन्यावरून पाय घसरला तर? बुडलीस तर?"

"मग चंद्र उगवेपर्यंत थांबू नका. बाहेर काढा."

जेवणाच्या हॉलमध्ये मी एका टेबलापाशी बसले. पांढरी चादर, काट्या-चमच्यांची फौज. वाढणाऱ्यानं सूप आणून ठेवलं. मी चमचा हातात धरला आणि तो काही तोंडाकडं जाईना. वय झालं माझं, सासूबाई जाऊनही वर्षं झाली, आणि तरी मला वाटत होतं की दारातून त्या आत येतील आणि काही न बोलता फक्त बघतील. आत आले ते हे. समोरची खुर्ची ओढून बसले आणि माझ्या ताटाकडं बघत राहिले.

मी सूप प्यायले. मग बटाटे खाल्ले, लोण्यातले. मग कसलीशी भाजी, मग पाव. भूक अशी लागली होती की लाज वाटायला वेळ मिळाला नाही. शेवटी गोड आलं, ते मी दोनदा घेतलं.

शेजारच्या टेबलावरून अप्पाराव म्हणाले, "अरे वा! भाभी का रोजा खुल गया!"

हे माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "माझ्या आधी जेवलीस."

"हो."

"बरं केलंस." मग जरा थांबून, "मीठ बरोबर होतं का?"

"कमी होतं."

"तुला कमीच लागतं," हे म्हणाले, आणि माझ्या लाल जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावून दिली. ती वर नेताना साडीचा पदर अडकला, तो ह्यांनी सोडवला. हात गार पडले होते.

जिन्याच्या पायऱ्या जाळीच्या होत्या, खालचं पाणी दिसत होतं. खरंच काळं होतं. मला वाटलं होतं की भीती एकट्या ह्यांच्या वाट्याला आली आहे, पण तिसऱ्या पायरीवर मीही कठडा दोन्ही हातांनी धरला. वरून ह्यांच्या सूचना चालूच होत्या. "दोरी धर! ती नको, ती! डावा पाय!" मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर परत गेले असते. होडीतल्या माणसानं माझं मनगट धरलं, मी त्याचं धरलं, आणि मी खाली होते.

किनाऱ्यावर पाय ठेवला. अप्पाराव खोटं बोलले नव्हते, साखरच.

मी चालले. थोडं पुढं, मग आणखी थोडं. आजूबाजूला कुणी माझं नव्हतं, अप्पाराव लांब फोटो काढत होते. समोर डोंगर, त्याच्यावरून खाली आलेली बर्फाची नदी, निळी. आपल्या घरातल्या फ्रिजच्या आत साठतो तो बर्फ मी वर्षानुवर्षं गरम पाण्याचं पातेलं ठेवून काढला आहे, त्याचा हा कुणीच लागत नव्हता. डोळे भरून बघायचं ठरवलं होतं आणि मी काय करत होते, तर दर दोन पावलांनी वळून जहाजाकडं बघत होते. सगळे खाली उतरले होते. डेकवर एकच लाल ठिपका होता, आणि खाली जिन्यापाशी एक रिकामी होडी.

सोल्वेगनं आम्हाला गोळा केलं. अप्पारावांनी मला सांगितलं, ती म्हणते, सगळ्यांनी तीन मिनिटं बिलकुल बोलायचं नाही, हलायचं नाही. बर्फाचा आवाज ऐकायचा. जगात एवढी शांतता आता दुसरीकडं राहिली नाही.

सगळे उभे राहिले. गोरे लोक डोळे मिटून उभे राहिले. मीही मिटले. आधी कानात नुसतं गरगरत होतं. मग खरंच, कुठंतरी आत, बर्फ कडकडला. मग पाणी ठिबकलं. माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यात मी एवढं शांत कधी ऐकलं नव्हतं.

आणि त्या शांततेतून, पाण्यावरून, शब्द न् शब्द स्वच्छ, आवाज आला.

"अगं ए! काय दिसायलंय तिकडं?"

मंडळींचे डोळे उघडले. एक म्हातारी गोरी बाई दचकून आपल्या नवऱ्याला चिकटली. मी मान खाली घातली. वाटलं, गप्प बसले तर बंद होतील.

"भामा! ऐकू येतंय का? काय दिसतंय?"

सोल्वेग माझ्याकडं बघत होती. अप्पाराव आभाळाकडं. काय दिसतंय म्हणून सांगू, आणि ते सांगून कसं कळणार? मी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि आम्ही गच्चीवरून गल्लीतल्या भाजीवाल्याला हाक मारतो तशी ओरडले,

"जेवा आणि या! एक होडी अजून आहे!"

मग लांबून, जरा बारीक आवाजात,

"आणि चंद्र?"

"चंद्राचं मी बघते!"

डेकवरचा लाल ठिपका कठड्यापासून हलला आणि आत गेला. जेवायला गेला की रुसून गेला, एवढ्या लांबून कळायला मार्ग नव्हता. सोल्वेगनं घड्याळात बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि तीन मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.