ऐकू न येणाऱ्यांना फोन

"माती नाही हो, माहिती! तुमची माहिती चोरीला गेली!" नोरीन फोनमध्ये ओरडली. बाहेर बससाठी थांबलेल्या दोन बायका वळून काचेतून आत बघू लागल्या.

"माती कोण नेतंय, बये?" पलीकडून म्हातारा म्हणाला. "हवी तेवढी ने म्हणावं त्याला."

नोरीननं कपाळ दाबलं. आयर्लंडमधल्या बँट्री गावातल्या त्या श्रवणयंत्रांच्या दुकानात तिची उमर गेली होती. गेल्या आठवड्यात कुणीतरी दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून गिऱ्हाइकांची नावं, पत्ते आणि कानांच्या तपासणीचे अहवाल उचलून नेले. ज्याची माहिती गेली त्याला ते कळवायचं, असा कायदा. डब्लिनच्या वकिलानं ईमेलचा मजकूर पाठवला होता. पण निम्मी गिऱ्हाइकं ईमेलच्या वाटेला न जाणारी. म्हणून फोन, आणि तेही ऐकू न येणाऱ्यांना. तिचा घसा पार बसला होता.

मालक डॉनल चहाचा कप घेऊन आला. "अगं, नाव-पत्ता गेला एवढंच सांग ना. अहवालाचं कशाला काढतेस? उगाच बिथरतात लोक."

"वकिलानं सगळं सांगा म्हटलंय."

"वकील बँट्रीत राहतो का? दुकान मला चालवायचंय."

नोरीननं यादी पुढे ओढली. पुढचा फोन फिनबार क्रोलींना होता. तिनं नंबर लावता लावता फोन खाली ठेवला आणि कोट चढवला.

क्रोली पियानो सुरात लावून द्यायचे. आसपासच्या शाळा, चर्च, हॉटेलं त्यांच्या कानावर विसंबून होती. दुकानात मात्र ते मागच्या दारानं येत, आणि यंत्रं घराबाहेर कधी घालत नसत.

ती त्यांच्या घरी पोचली तेव्हा ते अवजारांची पिशवी गाडीत ठेवत होते. नोरीननं अगदी समोर उभं राहून, सावकाश, सगळं सांगितलं.

"तपासणीचंही गेलं?"

"तेही गेलं."

"कुणाच्या हातात?"

"ते कुणालाच माहीत नाही, मिस्टर क्रोली. कदाचित कुणी बघणारही नाही."

"म्हणजे कुणाला कधी कळतंय याची रोज वाट बघत बसायचं." ते गाडीला टेकले. "डॉनलनं धाडलं तुला?"

"छे! तो म्हणाला, अहवालाचं काढू नकोस."

क्रोली थोडंसं हसले. "बस गाडीत. शाळेचा पियानो लावायचाय. एकटा गेलो तर माझं तोंड उघडायचं नाही."

शाळेच्या सभागृहात संगीताच्या तरुण बाई होत्या. क्रोलींनी टोपी काढली.

"बाई, वरचे सूर मला आता ऐकू येत नाहीत. वर्षभर अंदाजानं लावतोय. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो."

बाई गोंधळल्या. "अहो, पण हल्ली फोनच्या अ‍ॅपवर दिसतात ना सूर..."

"दिसतात. मग माझी काय गरज?"

त्यांनी पिशवी उघडली. नोरीन मुलांच्या बाकावर बसली. आज पहिल्यांदाच तिला काही बोलायचं नव्हतं. क्रोली एकेक तार ताणत, कान देत, पुन्हा सैल सोडत होते. खालचे सूर भरीव निघाले, मधले स्वच्छ. बराच वेळ गेला. उजवीकडे सरकत ते शेवटच्या पट्ट्यांशी आले आणि थांबले. त्या वाजवून पाहिल्या नाहीत. फडकं घेऊन नीट पुसल्या फक्त, आणि झाकण हळूच खाली आणलं.