वच्छलाची बांधी

यादोरावाने खेकड्याच्या बिळात चिखलाचा गोळा कोंबला आणि टाचेने दाबून धरला. धानाच्या बांधीतलं पाणी वाहायचं थांबलं. तेवढ्यात धुऱ्याच्या अरुंद बांधावरून पुष्पाबाई येताना दिसली, साडी वर धरून, घसरत घसरत. लाखनीहून करडीला ती उगाच यायची नाही, हे त्याला कळलं. तरी तो पुढचं बीळ शोधत राहिला.

पुष्पाबाई म्हणजे त्याच्या बायकोची, वच्छलाची, धाकटी बहीण. वच्छला होळीच्या सुमारास गेली. पोटी लेकरू नव्हतं. तळ्याखालची ही बांधी तिला बापाकडून, गुलाबकडून आलेली. यादोराव इथे घरजवाई म्हणून आला आणि उभी जवानी त्याने याच चिखलात घातली. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? आधी ती गुलाबची बांधी होती, मग वच्छलाची झाली. यादोरावची, असं त्याच्या कानांनी कधी ऐकलं नाही. उलट पानठेल्यावर कोणीतरी हटकून म्हणायचं, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायलाही नशीब लागतं बाप्पा.

ते त्याच्या फार जिव्हारी लागायचं. म्हणून तर आजारपणात वच्छला म्हणाली, मोहाडीला चला, बांधी तुमच्या नावाने लिहून ठेवते, तेव्हा तो तिच्यावर खेकसला होता.

"मी तुह्यासाठी आलो या घरी. वावरासाठी नाही आलो."

वच्छलाने पुन्हा विषय काढला नाही. आणि आता मोहाडीचा वकील सांगत होता, की जमीन बापाकडून आलेली, बाईला मूलबाळ नाही, तिने काही लिहूनही ठेवलं नाही; मग जमीन नवऱ्याकडे येत नाही, बापाच्या वारसाकडे परत जाते. वारस उरली एकटी पुष्पाबाई. यादोरावाने दोनदा विचारलं, मग नवरा कोण लागतो तिचा? वकिलाने चष्मा पुसला.

पुष्पाबाई धुऱ्यावर बसली. जेवलात का, पाय दुखतात का, सगळं विचारून झालं. मग ती खाली बघत म्हणाली,

"भाऊजी, संघपालनं वावर ठेक्यानं देऊन टाकलं. उद्या ट्रॅक्टर येते."

संघपाल तिचा मुलगा. वच्छलाच्या पुण्यानुमोदनाला यानेच यादोरावाचे हात धरून सांगितलं होतं, तुम्ही फिकर करू नका.

"पऱ्हे माहे आहेत, पुष्पा." त्याने कोपऱ्यातल्या हिरव्यागार रोपांकडे हात केला. "रोवण्यावर आले. एवढा हंगाम तरी करू दे."

तिने तिथूनच मुलाला फोन लावला. आधी ती तावातावाने बोलली, मग समजावू लागली, शेवटी नुसतीच हो, हो म्हणत राहिली. फोन ठेवून तिने पदर डोळ्यांना लावला.

"मी काय करू? पोट्टा माह्यं आयकत नाही. तुमी घरात राहा. तिथून कोणी काढत नाही तुमाले."

यादोरावाला तिचा संताप यायला हवा होता. पण रडताना ती हुबेहूब वच्छलासारखी दिसत होती. तो घरी चल म्हणाला, चहा ठेवतो म्हणाला. चिखलाचे हात त्याने बांधीच्याच पाण्यात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधीवर जायचं काही कारण नव्हतं, पण पाय ऐकतात थोडेच! फावडं खांद्यावर टाकून तो निघाला. शेतांकडे जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता. ड्रायव्हर परगावचा, वाट चुकल्यासारखा इकडे तिकडे बघत होता.

"काका, यादोरावची बांधी कोणती?"

यादोराव जागच्या जागी थांबला.

"हे नाव कोणी सांगतलं तुले?"

"ज्याले विचारलं तो हेच सांगते. यादोरावची बांधी, तळ्याखालची."

गाव असं कधीपासून म्हणत होतं, कोण जाणे. त्याच्या तोंडावर मेलं कोणी म्हणालं नव्हतं. त्याने खांद्यावरचं फावडं उतरवलं आणि दांडा तळ्याच्या दिशेने धरला.

"थे. कोपऱ्यात पऱ्हे दिसतात ना, थे."

ड्रायव्हरने गिअर टाकला, मग काही आठवून विचारलं,

"वळखता काय तुमी यादोरावले?"

"वळखतो ना," तो म्हणाला. "वच्छलाचा नवरा आहे."

आणि ट्रॅक्टरला वाट द्यायला तो पांदणीच्या कडेला सरकला.