बेंदराच्या बैलामागचा पांढरा चौकोन

मी एक जुने चित्र आहे, मित्रांनो. चित्र बैलाचे आहे, आणि तोही असातसा बैल नव्हे, बेंदराच्या सणाला सजवलेला खिलार जातीचा. आज मी एका फ्लॉपीत पडून आहे आणि मला उघडून पाहणारे यंत्रही आता कुणाकडे राहिलेले नाही. तरी एका दुपारची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. त्या दुपारी मी पडद्यावरून कायमचा पुसला जाणार होतो.

माझा जन्म पलूसला झाला. तिथे नागसेन आबा पाट्या रंगवत. सांगलीच्या हळदीच्या पेठेतले व्यापारी आप्पासो यांना दुकानावर बैलाची पाटी हवी होती, म्हणून आबांनी मला पत्र्यावर रंगवले. शिंगांना तांबडा हिंगूळ, कपाळाला गुलाल, पाठीवर हिरवी झूल, गळ्यात निळ्या मण्यांची माळ आणि पिवळे घुंगरू. अंग मात्र पांढरेशुभ्र ठेवले आणि मागची जमीन, म्हणजे चित्राची पार्श्वभूमी, तीही पांढरीच सोडली. हळद घेऊन आलेले शेतकरी खालून मान वर करून म्हणत, "लय देखणा हाय गड्या!" खोटे कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडे.

पण पत्र्याला गंज चढला आणि आबांचा उजवा हात थरथरू लागला. कपबशी धरली तरी चहा सांडायचा, तिथे ब्रश कुठला धरणार? त्यांच्या हातचे धड राहिलेले चित्र म्हणजे एक मीच उरलो होतो, तेही एका फोटोत.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली आप्पासोंच्या मनात आले की आपल्या दुकानाचे पान इंटरनेटवर असावे. काम सांगलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासकडे गेले. तिथे आबांची लेक दीक्षा नोकरीला होती. तिने माझा फोटो स्कॅनरवर ठेवला आणि मी पत्र्यावरून पडद्यावर आलो. क्लासचे प्रमुख बाळासो सर यांनी पानाच्या मागे हळकुंडांचा फोटो फरशी बसवल्यासारखा जोडून जोडून पसरला होता. त्या हळदीवर मला उभे राहायचे होते.

उभा राहिलो, तर माझ्याभोवती हा भलामोठा पांढरा चौकोन! देखण्या लुगड्याला चादरीचे ठिगळ लावावे तसे ते दिसत होते. दीक्षाचे तोंड उतरले.

"आप्पासो पाचला बघायला येणार," बाळासो सर घड्याळाकडे बघत म्हणाले. "तोवर जमलं तर ठीक. न्हाईतर हा बैल पुसायचा आन् चित्रांच्या सीडीतली तयार गाय लावायची."

ती गाय मी पाहिली होती. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, परदेशी, कानात बिल्ला अडकवलेली. गुलाल म्हणजे काय हे तिच्या सात पिढ्यांना ठाऊक नसेल! तिच्यासाठी मला पुसायचे? वडिलांचे शेवटचे चित्र आपल्याच हाताने पानावरून पुसायची वेळ येणार, हे दीक्षालाही समजले होते.

ती कामाला लागली. आधी तिने मला जेपेग या प्रकारात साठवले होते. जेपेगला पारदर्शक हा प्रकारच माहीत नाही. म्हणून तिने जिफ हा प्रकार घेतला. त्यात एक रंग निवडून 'हा दाखवू नकोस' असे यंत्राला सांगता येते. तिने पांढरा निवडला. चौकोन गेला, पण मित्रांनो, माझे अंगही पांढरेच ना! तेही गेले. शिंगे, गुलाल, झूल, माळ-घुंगरू आणि चार खूर तेवढे उरले, आणि पोटातून हळकुंडे दिसू लागली.

"अगं, बैलाला कावीळ झाली की!" बाळासो सर हसले. मला तो विनोद मुळीच आवडला नाही.

शिवाय जेपेग करताना मागच्या पांढऱ्यात बारीक मळकट कण उमटले होते. ते पुसले न जाता चौकोनभर विखुरलेले राहिले. दीक्षाने फोटो पुन्हा स्कॅनरवर ठेवला आणि या वेळी जेपेग न करता तसाच जपून ठेवला. मग नव्याने निघालेला पीएनजी हा प्रकार करून पाहिला. तिच्या यंत्रावर मी झकास दिसलो. शेजारच्या जुन्या यंत्राला मात्र तो प्रकार नीट कळेना, तिथे माझ्यामागे राखाडी पत्रा उभा राहिला. साडेचार वाजत आले.

आता तिने वेगळी युक्ती केली. मागच्या जमिनीत माऊसने जपून, हाताने भडक गुलाबी भरला आणि तो गुलाबी लपवायला सांगितले. पण जिफमध्ये दोनशे छप्पन्नच रंग मावतात. तेवढ्यात बसवताना माझ्या कपाळाचा गुलाल आणि मागचा गुलाबी एकच होऊन बसले. मी पडद्यावर आलो तो कपाळाला भोक पडूनच.

नेमके तेव्हाच दार उघडले. आप्पासो लवकर आले होते आणि आबांनाही सोबत घेऊन आले होते.

"ह्यो माजा बैल?" आप्पासोंचा आवाज चढला.

"सर, सीडी काढते," दीक्षा कशीबशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

आबा पडद्याशी वाकले. "थांब पोरी. कपाळाला भोक कशानं पडलं?"

"आबा, मागं असा रंग भरायला पायजे जो बैलाच्या अंगावर कुटंच न्हाई. मशीन तेवढाच रंग पुसतंय. पांढरा पुसला, बैल गेला. गुलाबी पुसला, गुलाल गेला."

आबा पुटपुटू लागले. "तांबडा शिंगाला हाय. हिरवा झुलीत. निळा मन्यांत, पिवळा घुंगरांत..." मग त्यांनी मान वर केली. "जांभळा भर. जांभळ्याचा डबा मी कवा आनलाच न्हाई. बैलाला जांभळं कोन करतंय?"

हाताने भरत बसायला आता वेळ नव्हता, म्हणून दीक्षाने जांभळा एकदम ओतला. जमीन भरली, पण रंग पाठीवरून माझ्या अंगातही शिरला! मी तर घाबरूनच गेलो.

"पाठीवरची रेघ मी मुद्दाम तोडलीया," आबा म्हणाले. "तितं ऊन पडतंय, म्हनून." दीक्षाने रंग मागे घेतला, तुटल्या रेघेवर फिकट ठिपके ठेवले आणि पुन्हा ओतला. रंग बाहेरच थांबला. तिने जांभळा लपवला, तर कडेकडेने जांभळी किनार उरली. ती एकेक ठिपका पुसायला लागली. आबांचा हात थरथरत होता, पण नजर अजून पक्की होती. "डाव्या कानामागं. आता शेपटाच्या गोंड्यापाशी," ते सांगत गेले आणि ती पुसत गेली.

पाचला दोन मिनिटे होती. दोन्ही यंत्रांवर मी हळदीच्या राशीत उभा होतो, पांढराशुभ्र, कपाळाला गुलाल लावून.

"आला रं माजा बैल!" आप्पासो खूश झाले. मग त्यांनी बोट दाखवले. "पन खुराखाली ते काळं काय राहिलंय? पुसून टाक."

पाटी रंगवणारे कोपऱ्यात लिहितात, तशी ती अक्षरे होती. जमीन गेली होती आणि ती तेवढी हळदीवर अधांतरी राहिली होती. 'नागसेन, पलूस.'

"पूस पोरी," आबाच खाली बघत म्हणाले. "उगं घान दिसतीया."

दीक्षाने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "न्हाई पुसनार, आप्पासो. बैल ठेवायचा तर नाव बी ठेवा. न्हाईतर तुमी गाय लावा."

बाळासो सरांचे तोंड पांढरे पडले. मला त्या पोरीचा अभिमान वाटला आणि भीतीही तितकीच वाटली. इतकी धडपड करून ती मला एका शब्दात घालवून बसली होती.

आप्पासोंनी चष्मा लावला, वाकले आणि अक्षरे सावकाश वाचली. "इतकी वर्सं ह्या पाटीखालनं ये-जा केली मी," ते म्हणाले. "हितं नाव हाय हे कवा बघितलंच न्हाई." त्यांनी चष्मा काढून दीक्षाकडे पाहिले. "जरा मोठं करता येतंय का बघ, पोरी."

आबांनी थरथरता हात खिशात घातला आणि तोंड खिडकीकडे फिरवले.

ते पान आता कुठेच उघडत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मित्रांनो, मागणे एवढेच. कुठल्याही चित्राची पहिली प्रत जपून ठेवा आणि जे काही पुसायचे ते दुसऱ्या प्रतीवर पुसा. आणि चित्राची जमीन काढून टाकण्याआधी कोपऱ्यात कुणाचे नाव आहे का, ते एकदा वाचा.